अंगणातली गुळवेल

आमच्या घरामागे एक जुना कडुनिंब आहे आणि त्यावर गुळवेल चढलेली आहे. वडिलांनी लावलेली. ते वैद्य होते, मीही वैद्य. त्यामुळे वेलीचे एखादे कांडे मागायला कुणी ना कुणी दारात उभे असतेच. पोराचा ताप उतरून पुन्हा चढतो, सुनेला अंगावर पित्त उठते, आजोबांचा गुडघा सुजलाय. बोटभर वेल द्या. नावात गूळ असला तरी पहिला घोट घेणाऱ्याचे तोंड पाहण्यासारखे होते.

संस्कृतात हिला गुडूची म्हणतात, अमृता म्हणतात. मला आवडते ते तिसरे नाव, छिन्नरुहा. म्हणजे तोडली तरी वाढणारी. बुंध्याशी कापली तर वरची वेल दोऱ्यासारखी मुळे खाली सोडते आणि पुन्हा जमीन गाठते. वडिलांनी पडवीत खुंटीला टांगलेल्या कांड्याला मातीपाण्याशिवाय पालवी फुटलेली मी लहानपणी पाहिली आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात हिची जन्मकथा आहे. रावणवधानंतर इंद्राने मेलेल्या वानरांवर अमृत शिंपडले आणि त्यांच्या अंगावरून जिथे जिथे थेंब ओघळले, तिथे तिथे गुळवेल उगवली. चरकांनी तिचा स्वरस बुद्धी वाढवणाऱ्या चार रसायनांत सांगितला. ज्वर आणि वातरक्त यांवर तर ती जुन्या वैद्यांची हुकमी वनस्पती. आम्ही ताजे, अंगठ्याएवढे जाड कांडे घेतो, वरची पापुद्र्यासारखी साल काढतो, ठेचतो, सोळा पट पाणी घालून मंद आचेवर आठवा भाग उरेपर्यंत आटवतो.

हे सगळे पोथीतलेच म्हणून सोडून देऊ नका. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षे काम केले. मराठी वाचक त्यांना ‘फुलवा’च्या लेखिका म्हणून ओळखतात, पण मूळच्या त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक. पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग फार होतो. अशा 30 रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिली, तेव्हा त्यांच्यात संसर्ग कमी झाला आणि वाचणाऱ्यांचे प्रमाण वाढले, असे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. पुढे 2005 साली 75 रुग्णांवरच्या एका अभ्यासात ॲलर्जीच्या सर्दीतही उपयोग दिसला. अभ्यास लहानच, पण आमच्यासारख्यांची छाती फुगायला तेवढे पुरेसे होते.

मग 2020 साल आले. करोनाच्या धास्तीने घराघरांत काढा उकळू लागला. शहापूरकडच्या कातकरी तरुणांना रानातली गुळवेल गोळा करून चार पैसे मिळू लागले, ही त्यातली चांगली गोष्ट. आयुष मंत्रालयाने त्या ऑक्टोबरात जी उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यात प्रतिबंधासाठी गुळवेलीच्या घनवटीचा समावेश होता. 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा महिनाभर. लोकांनी वटी लक्षात ठेवली, महिना विसरला.

लोकांनी म्हणजे कुणी? माझ्या थोरल्या बहिणीने. आणि तिला वेल कापून देत होतो मी. अक्का पलीकडच्याच गल्लीत राहते. रोज सकाळी पेलाभर काढा, एक दिवस खाडा नाही. तिला थायरॉइडचा विकार आहे, गोळी चालू आहे, हे मला ठाऊक होते. दहा महिने मी एकदाही विचारले नाही की अजून घेतेस का. पुढच्या वर्षी तिचे अन्न तुटले. मी म्हटले, उन्हाळा आहे. मग अंगाला खाज सुटली, लघवी चहासारखी होऊ लागली, आणि एका सकाळी मीच तिचे डोळे पाहिले. हळदीसारखे. काविळीवर गुळवेल देणारा मी, माझ्या दारच्या गुळवेलीने तिला कावीळ झाली असेल हे रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरकडून ऐकले. यकृताचा तुकडा काढून तपासला. शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली होती.

मी आधी वाद घातला. तशी मुभाही होती. मुंबईतल्या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची नोंद 2021 साली प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने म्हटले की गुळवेलीच्या जवळच्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर चामखिळीसारखे फोड असतात. मी परसात जाऊन आमची वेल निरखली. फोड कुठेच नव्हते. साल पापुद्र्याची, आडवा छेद घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारखा. अस्सल गुळवेल. पुढे 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधून 43 रुग्णांची नोंद आली. कोट्यवधी लोकांनी काढा प्यायला असेल, त्यापुढे 43 हा आकडा किरकोळ, असे कुणी म्हणेल. मीही म्हटले असते. पण त्या 43 जणांसारखेच एक माणूस माझ्या घरातले होते.

विचार करता मला यात विसंगती दिसेनाशी झाली. जी वनस्पती झोपलेली प्रतिकारशक्ती जागी करते, ती आधीच बिथरलेल्या प्रतिकारशक्तीलाही डिवचणारच. रसायन देण्याआधी शरीराची शुद्धी करा, असे चरक सांगतात. म्हणजे कुणाला, कधी, किती दिवस, हा हिशेब आमच्या शास्त्रातही होताच. तो मी बहिणीच्या बाबतीत केला नाही, कारण ‘घरचेच आहे, झाडपाल्याचे आहे’ या वाक्यावर वैद्य असूनही माझा विश्वास होता.

काढा बंद केला, काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि अक्का बरी झाली.

वेल मी तोडली नाही. आजही तापाच्या रुग्णाला देतो, पण दिवस मोजून. आधी विचारतो: थायरॉइड आहे का, सांधेवाताचा किंवा प्रतिकारशक्तीचा दुसरा कुठला विकार, पूर्वी कधी कावीळ, अवयवाचे प्रत्यारोपण? यातले काही असेल तर देत नाही. मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर जास्त उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाही. आणि भूक गेली, खाज सुटली, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी थांबायचे आणि रक्त तपासायचे. लोक कंटाळतात. बोटभर वेलीसाठी एवढी उलटतपासणी कशाला, म्हणतात.

परवा अक्का ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. एका बाईंना मी हेच सगळे विचारत होतो. त्या वैतागून म्हणाल्या, “अहो, अमृता ना ही? मग भ्यायचं कशाला?” मी उत्तर देणार एवढ्यात अक्काच म्हणाली, “सांगू दे त्याला. माझ्या वेळी विचारायचं राहिलं होतं.”