मामंजींची मोटार विजेवर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्वयंपाकघरातल्या बाईने मोटारीवर बोलावे, याचे आपणांस हसू येईल. पण विजेची मोटार एके काळी बायकांचीच समजली जाई. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पेट्रोलची मोटार पुढे हँडल फिरवून सुरू करावी लागे. त्यात हातही मोडे. विजेच्या मोटारीला तो त्रास नव्हता. पेट्रोलच्या मोटारी लाखांनी बनविणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः विजेची मोटार चालवीत. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर आला आणि पुढे विजेच्या मोटारी मागे पडल्या.

आमच्या मामंजींची प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली. घरात सगळे तिला फियाटच म्हणतात. मामंजी गेल्यावर ती मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्यामागे ताडपत्रीखाली पडून होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, तेव्हा हे म्हणाले, "आता हीसुद्धा भंगारात देऊ." धाकट्या भाऊजींनी हट्ट धरला, "मी ती विजेवर करतो."

त्यांनी इंजिन, रेडिएटर, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर सारे उतरविले. गिअरबॉक्स तशीच ठेवून तिला विजेची मोटर जोडली. मोटरला किती वीज द्यायची हे ठरविणारा कंट्रोलर बसविला. स्वस्त म्हणून शिशाच्या बॅटऱ्या घेतल्या. त्यांचे वजन ३०० किलो! त्या सगळ्या डिकीत मांडल्या.

गाळ्यामागच्या अंगणात मोटार चालली. आवाज नाही, धूर नाही. मुले टाळ्या पिटीत आत जाऊन बसली. मी पाहिले, तर गाडीची मागची बाजू बसली होती आणि तोंड वर झाले होते. आमच्याकडे पोती उतरविणारे हमालदादा म्हणाले, "वहिनी, हातगाडीवर सहा पोती मागेच रचली, तर दांडा वर उचलतो." मला चटकन समजले. पुढची चाके हलकी झाली, तर गाडी वळेल कशी, थांबेल कशी? मी मुलांना खाली उतरविले. भाऊजी रागावले. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पाचव्या दिवशी त्यांनीच एकेक चाक धान्याच्या काट्यावर चढवून वजन केले आणि निम्म्या बॅटऱ्या इंजिनाच्या जागी हलविल्या. ब्रेकही नव्याने करून घेतले. चार्जिंगच्या वेळी या बॅटऱ्यांतून पेटणारा वायू निघतो, म्हणून जागा मोकळी ठेवली. जवळ काडी ओढायची नाही, असा मी नियमच केला.

दुसरी गोष्ट कायद्याची. जुन्या गाड्यांना विजेचा संच बसविण्याचे नियम केंद्र सरकारने २०१६ साली केले. संच त्या जातीच्या गाडीसाठी तपासून मान्य झालेला लागतो. असा तपास करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. शिवाय आर.टी.ओ.ची परवानगी आणि नोंदणीत बदल हवा. घरी हौसेने जोडलेली गाडी रस्त्यावर नेता येत नाही. म्हणून आमची फियाट अजून अंगणापुरतीच आहे. मान्य संचाला काही लाख रुपये पडतात. तो घ्यावा की नाही, यावर घरात रोज बोलणे होते.

मामंजींच्या जागेवर बसून मीही अंगणात एक फेरी मारली. भगिनींनो, घरातल्या हौसेला अडवू नये. पण मुले आत बसण्याआधी प्रश्न विचारायला भिऊही नये.