चार चाकांची ओढ

तंजावरच्या राजवाड्याच्या परिसरात, घंटेच्या मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर आहे. त्या घराच्या तिण्णैला, म्हणजे आपल्या मराठीतील ओट्याला, लागून 2007 सालची एक जिप्सी उभी असते. ती आत येत नाही म्हणून बाहेर उभी असते. ज्या काळी हे घर बांधले, त्या काळी दारात येणारे मोठ्यात मोठे वाहन म्हणजे बैलगाडी. आणि तीसुद्धा वाड्यात शिरावी असे कोणाच्या मनात आले नसावे. सरस्वती महाल ग्रंथालय पाहून बाहेर पडलेले प्रवासी दरबार महालाची छायाचित्रे घेता घेता कधी कधी या गाडीचेही एखादे घेतात. माझ्या पत्नीचे मत असे, की वय पाहता दोघांचीही व्यवस्था पुराणवस्तू खात्याकडे सोपवावी. 'दोघांची' या शब्दात गाडीबरोबर राजवाडा येतो की मी येतो, याचा खुलासा तिने अजून केलेला नाही.

गाडी घेण्याचे कारण साधे होते. आमची थोडी भातजमीन अम्मापेट्टैच्या बाजूला आहे. कावेरी आणि वेण्णार यांनी आणून टाकलेली तेथली चिकणमाती उन्हाळ्यात विटेसारखी टणक होते, आणि ऑक्टोबरात ईशान्येचा पाऊस सुरू झाला की तीच माती पाय ठेवू देत नाही. सांबा पिकाची लावणी आटोपून शेताकडे रोज फेरी मारावयाची, ती नेमक्या याच दिवसांत. बांधावरच्या वाटेने साधी मोटार नेली तर तिची दोन चाके गरगर फिरतात, खड्डा खणतात आणि गाडी त्या खड्ड्यात मुक्काम करते. उरलेली दोन चाके नुसती पाहत असतात. त्यांनाही कामाला लावावे, एवढीच फोर व्हील ड्राइव्हमागची मूळ कल्पना आहे.

जिप्सी 1985 साली भारतात आली, तेव्हा तिचे इंजिन 970 सी.सी.चे होते. पुढे ते 1298 सी.सी.चे झाले आणि शेवटी शेवटी त्यातून 80 अश्वशक्ती मिळू लागली. आज हा आकडा ऐकून तरुण मंडळी हसतात. परंतु गाडीचे वजन टनाच्याही आत, रुंदी अवघी 1.54 मीटर, तेव्हा ही 80 अश्वशक्ती तिला भरपूर झाली. सैन्याने तिला आपलेसे केले आणि रॅलीच्या शर्यती खेळणाऱ्यांनीही केले. शर्यतीत धावणारी, चारही चाकांनी ओढणारी आणि तरीही राजवाड्यामागच्या गल्लीतून आरशांना धक्का न लावता निघणारी गाडी शोधू म्हटले, तर त्या काळी आपल्या देशात दुसरे नाव फारसे सुचत नसे.

तिच्यात एक गोम मात्र आहे आणि ती समजल्यावाचून पुढील हकीकत समजावयाची नाही. चारही चाकांची ओढ चालू केली की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांस पक्के जखडले जातात. सरळ वाटेवर त्याने काही बिघडत नाही. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मोठा फेर पडतो, मागच्यांना लहान. दोन्ही जोड्यांनी सारखेच फिरले पाहिजे असा हुकूम सुटला की त्यांच्यात तंटा होतो. चिखलात चाके थोडी घसरून हा तंटा आपसांत मिटवतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो मिटत नाही. सुकाणू जड होते, गाडी वळणाला नकार देते आणि आतले दाते कण्हू लागतात. आमच्या बृहदीश्वराचा रथ 2015 साली सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर पुन्हा चार राजवीथींतून निघाला. त्या वेळी कोपऱ्यावर काय यातायात चालते ती ज्यांनी पाहिली, त्यांना हे निराळे समजावून द्यावे लागणार नाही. रथाची चाके सरळ जाण्यासाठीच बसवलेली असतात. त्याला वळवणे म्हणजे त्याची समजूत काढणे होय.

या तंट्यावर तोड निघाली ती पुढच्या व मागच्या दांड्यांमध्ये आणखी एक डिफरन्शियल घालून. 1966 साली इंग्लंडमधील जेन्सन कंपनीने अशी एक मोटार विक्रीस काढली. पण जगाचे लक्ष वेधले ते 1980 साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या आउडी क्वात्रोने. चारही चाकांची ओढ ही शेतकऱ्याची आणि शिपायाची गरज आहे, शर्यतवाल्याला ती ओझे होईल, असे तोवर अनेक जाणकार मानीत असत. पुढच्याच वर्षी मिशेल मूतों या फ्रेंच स्त्रीने क्वात्रो चालवून इटलीतील सानरेमोची रॅली जिंकली आणि तो वाद जवळजवळ संपला. नव्वदीच्या दशकात सुबारू इम्प्रेझाने 1995, 1996 आणि 1997 अशी लागोपाठ तीन वर्षे कंपन्यांसाठी असलेले जागतिक रॅली अजिंक्यपद मिळवले. चार दारांची, लहान बांध्याची, बाजारहाटालाही चालेल अशी आणि तरीही अंगात वारे भरलेली मोटार ही जात त्या सुमारास रूढ झाली.

माझा पुतण्या अमेरिकेत मिशिगन राज्यात असतो आणि त्याच्याकडे याच कुळातली 2015 सालची डब्ल्यूआरएक्स आहे. दोन लिटरचे इंजिन, त्याला टर्बो आणि 268 अश्वशक्ती. माझ्या गाडीच्या तिपटीहूनही अधिक. तिची चारही चाके सदैव कामावर असतात, बर्फ असो वा कोरडा रस्ता. दूरध्वनीवर आम्हां काका-पुतण्यांचे बोलणे प्रकृतीपासून सुरू होऊन हमखास गाड्यांवर येऊन थांबत असे, आणि त्या बोलण्यात माझी बाजू नेहमी उणी पडत असे. जमिनीपासूनची उंची आणि गल्लीची रुंदी एवढे दोनच डाव माझ्या हाती होते. त्याची गाडी जमिनीपासून जेमतेम पाच-साडेपाच इंच वर आणि सुमारे 1.8 मीटर रुंद. ती आमच्या बांधावर पोटावर बसली असती आणि आमच्या गल्लीत शिरलीच नसती.

या ईर्ष्येपोटीच म्हणा, 2020 च्या अखेरीस मी जिप्सीची सुधारणा करावयाचे मनात आणले. मूळचे 205/70 आर 15 मापाचे टायर काढून 235/75 मापाचे जाड, खोल खाचांचे टायर चढवले. पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी दोन इंच उंच केली. ती दिसू लागली मात्र मोठी रुबाबदार! चिखलातून तर अशी निघे, की बांधावरचे गडी कामे टाकून पाहत राहत. मला आता कशाचेच भय उरले नाही, आणि भय न उरणे हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

नोव्हेंबर 2021 मध्ये तामिळनाडूत फार पाऊस झाला. अशाच एका संध्याकाळी शेतावरून परतत होतो. शेजारी माझी दहा वर्षांची नात बसलेली. चिखलाची वाट संपून ओला डांबरी रस्ता लागला तेव्हा वेगमापकावर पन्नासचा आकडा होता. समोर बांधावरून एक मुलगा सायकलसह रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. चाके थांबली, परंतु गाडी थांबली नाही. ती तिरपी होऊन सरकत राहिली. त्या वेळी काळ लांबतो असे म्हणतात, ते खरे आहे. मुलाने सायकल टाकली आणि उडी मारली. गाडी सायकलीचे मागचे चाक चेपून कालव्याच्या काठाशी थबकली. मुलाला खरचटलेही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला नवी सायकल नेऊन दिली आणि त्याच्या आजीचे जे बोलणे ऐकले, ते सर्वस्वी रास्त होते. माझी नात त्या संध्याकाळी एक शब्दही बोलली नाही. त्यानंतर एक वर्षाहून अधिक काळ ती जिप्सीत बसली नाही.

दोष माझा होता, आणि तो कोठे होता हे मला पुढे हिशेब मांडल्यावर कळले. मोठ्या टायरचा घेर मूळच्यापेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी अधिक. म्हणजे मापक पन्नास सांगत होता तेव्हा गाडी पंचावन्नने जात होती. गाडीला थांबावयास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. पंचावन्नला ते पन्नासच्या सव्वापटीच्या आसपास जाते. त्यातच मोठ्या चाकावर तोच जुना ब्रेक तितक्याच नेटाने पकडू शकत नाही, उंच झालेली गाडी अधिक कलते, आणि चिखलासाठी घडवलेल्या टायरचे मोजके ठोकळे ओल्या डांबराला पुरेसे चिकटत नाहीत. आणि चार चाकांची ओढ? तिचा येथे काडीइतकाही उपयोग नव्हता. ब्रेक कोणत्याही मोटारीला चारही चाकांवरच असतात. ती ओढ तुम्हांला निघावयास मदत करते. थांबावयाचे ते टायरने आणि ब्रेकने.

हे मला कळावयास हवे होते, कारण रथोत्सव पाहतच मी लहानाचा मोठा झालो. दोर ओढावयास शेकडो हात लागतात आणि पुण्यही सर्वांना त्याचेच हवे असते. पण रथाच्या चाकाला अगदी लागून चालणारी काही मोजकी माणसे असतात. त्यांच्या हातात लाकडाच्या मोठ्या पाचरी असतात; तमिळमध्ये त्यांना मुट्टुकट्टै म्हणतात. चाकाखाली नेमक्या क्षणी पाचर सारून रथ थांबवावयाचा, तिरपी सारून त्याला वळवावयाचे, हे त्यांचे काम. दोर सुटला तर रथ नुसता उभा राहील. पाचर चुकली तर काय होईल ते बोलावयास नको. असे असूनही छायाचित्रे निघतात ती दोराचीच.

2022 साली गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे तर तपासणी आली. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात स्पष्ट केले होते, की कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला आपल्या मर्जीने फेरफार करता येत नाहीत. मला तो निर्णय ठाऊक होता. पण तो दुसऱ्यांच्या गाड्यांविषयी आहे अशी माझी समजूत होती. ठोकळे निघाले, टायर उतरले आणि गाडी पुन्हा आपल्या जन्माच्या उंचीवर आली. तिण्णैवर बसून पाहताना ती एकाएकी म्हातारी झाल्यासारखी वाटली, हे कबूल केले पाहिजे.

जानेवारी 2023 मध्ये पुतण्या आला. त्याच्यापुढे त्या वेळी त्याचा स्वतःचा प्रश्न होता: 2015 ची गाडी देऊन 2022 ची घ्यावी काय? नव्या डब्ल्यूआरएक्सचे इंजिन 2.4 लिटरचे, पण अश्वशक्ती 271. सात वर्षांनी पदरात अवघे तीन घोडे! खालच्या वेगात नवे इंजिन अधिक नेटाने ओढते हे खरे. तथापि तेवढ्यासाठी एवढी रक्कम मोजावयास त्याचे मन घेत नव्हते. मी विचारले, "मग तू जुनीत काय काय सुधारलेस?" मला टर्बोच्या, नळ्यांच्या आणि संगणकाच्या गोष्टी ऐकावयाच्या होत्या. तो म्हणाला, "काका, हिवाळ्याचे टायर घेतले आणि ब्रेकचे पॅड बदलले. इंजिनाला हात लावला नाही." तापमान सात अंशांच्या खाली गेले की साध्या टायरचे रबर कडक होते, हिवाळी टायरचे मऊ राहते. त्याच्या गावी पहिला बर्फ पडला की रस्त्याच्या कडेला खाली घसरून पडलेल्या गाड्यांत ऑल व्हील ड्राइव्हच्या गाड्याही बऱ्याच दिसतात. त्या वेग घेताना घसरत नाहीत, म्हणून चालवणाराला वाटते की रस्ता चांगला आहे.

त्याच महिन्यात दिल्लीजवळच्या प्रदर्शनात पाच दारांची जिम्नी दाखवण्यात आली होती, आणि आम्ही दोघांनी मिळून तिची कुंडली मांडली. 1.5 लिटरचे इंजिन, पाट्यांऐवजी स्प्रिंगा, चाके जखडू न देणारे ब्रेक, सहा हवेच्या पिशव्या. आणि रुंदी 1.645 मीटर, म्हणजे गल्लीत मावणारी. जिप्सीत यांतली एकही पिशवी नाही. पुतण्याचे म्हणणे असे, की मुलांना घेऊन लांबचा प्रवास करावयाचा असेल तर खरी सुधारणा म्हणजे गाडी बदलणे हीच होय. या म्हणण्यास माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. मी मधला मार्ग काढला. जिप्सी शेतापुरती ठेवावी, चाळीसच्या वर न्यावयाची नाही, आणि कुंभकोणम असो वा चेन्नई, तिकडे आगगाडीने जावे. मूळ मापाचे चांगले टायर घेतले, पुढच्या ब्रेकच्या तबकड्या आणि मागचे लायनर बदलले, ब्रेकचे तेल नवे भरले. एवढ्या सुधारणेनंतर गाडी पूर्वीसारखीच दिसत होती. गल्लीतल्या कोणीही काही विचारले नाही.

पुतण्याला मनोरा पाहावयाचा होता. नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ सरफोजीराजांनी 1814 साली पट्टुकोट्टैच्या पलीकडे, समुद्रकाठी ती इमारत उभारली. तेथवर पोहोचविण्यासाठी चाळीसचा नियम मोडावा की आगगाडीचा, असा पेच होता; आम्ही चाळीसनेच गेलो आणि दोन तासांनी पोहोचलो. नात आली, ती दादा येतो म्हणून आली. मागच्या बाकावर दाराच्या कडीला हात घट्ट धरून बसली होती.

परतताना एका मोकळ्या, सरळ रस्त्यावर पुतण्याने गाडी थांबवावयास सांगितले. रस्त्यावर त्याने खडूने रेघ ओढली आणि नातीला बरोबर घेऊन तो बाजूच्या झाडाखाली उभा राहिला. मी तीसच्या वेगाने रेघेवर आलो आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली. नातीने रेघेपासून चाकापर्यंत पावले मोजली: आठ. मग, त्या एका वेळेपुरता नियम बाजूला ठेवून, साठच्या वेगाने आलो. तिने पुन्हा मोजली आणि ती तेहतीस भरली.

"दादा, हे चुकले," ती म्हणाली. "दुप्पट वेग, तर सोळा पाहिजेत."

पुतण्या तिला वर्गाचा नियम समजावू लागला. तिने तो मान्य केला नाही. तिचे म्हणणे, पावले मोजताना आपलेच चुकले असेल. गाडी पुन्हा मागे घ्यावी आणि पुन्हा यावे. पण या वेळी मोजावयाचे काम दादाने करावे आणि आपण आजोबांच्या शेजारी पुढे बसू.