दुकानाचे न दिसणारे दार

खामगावची चांदीची बाजारपेठ तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. तिथला सराफ घ्या, नाहीतर मेहकर-चिखलीचा किराणा दुकानदार घ्या. रात्री दुकान वाढवले की कुलूप दोनदा ओढून पाहिल्याशिवाय तो घरी जायचा नाही. पण हल्ली दुकानाला आणखी एक दार झाले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. ते दार म्हणजे वायफाय.

रेडिओच्या लहरी जशा भिंती ओलांडून तुमच्या घरात येतात, तशाच लहरी त्या लहानशा राउटरमधून निघतात. फरक इतकाच, की रेडिओ सर्वांसाठी असतो. दुकानाचे वायफाय फक्त आपले असावे. परवलीचा शब्द दुकानाच्या नावापुढे १२३४ असा सोपा असला, तर शेजारच्या ओट्यावर बसलेला माणूसही आत शिरेल. त्याने काही गैरकृत्य केले, तर चौकशी आधी तुमच्याच दारी येईल!

मग करायचे काय? वायफायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, असे परवलीचे दोन्ही शब्द बदला. ते निदान बारा अक्षरांचे असू द्या. सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ निवडा. जुन्या ‘डब्ल्यूईपी’चे कुलूप २००१ सालीच फुटले आहे. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचेच असेल, तर वेगळे ‘गेस्ट नेटवर्क’ द्या.

आता मोबाईल. गल्ला, उधारीची वही आणि बँक, तिन्ही त्यात आली. म्हणून फोनला कुलूप हवे, आणि यूपीआयचा पिन त्याहून निराळा हवा. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी मागितला, तर तो ठकच समजा.

आजच फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी क्रमांक दिसेल, तो वहीत उतरवून ठेवा. फोन हरवला तर आधी सिम बंद करा, बँकेला कळवा, पोलिसांत तक्रार द्या. मग २०२३ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘संचार साथी’वर तो क्रमांक देऊन फोनच बंद पाडता येतो. पैसे गेले असतील तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी कळवले, तरच ते अडवता येण्याची आशा असते.

गुरुजनहो, एवढे चार शब्द वर्गात सांगा. मुले ते घरी नेतील, आणि वडिलांच्या दुकानाचे हे दुसरे दारही रात्री नीट बंद होईल.