संस्थेचं दप्तर परक्याच्या घरी

(ग्रंथालय संघाच्या वार्षिक अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अनुदान, वेतन आणि दर्जावाढ यांवर अध्यक्षाने बोलावं अशी आपली प्रथा आहे. त्या मागण्यांसाठी संघ शासनाशी भांडतो आहे आणि भांडत राहील. आज मात्र माझं भांडण या मंडपात बसलेल्यांशी आहे.

सकाळी नोंदणीच्या टेबलाशी उभा राहून मी बऱ्याच जणांना विचारलं, तुमच्या व्याख्यानमालेची चित्रणं कुठे आहेत? म्हणाले, यूट्यूबवर. शतकमहोत्सवाचे फोटो? गूगल फोटोजमध्ये. सभासदांची यादी, सभेच्या नोटिसा, ठरावांचे मसुदे? थोडे ड्राइव्हवर, थोडे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. मग विचारलं, यातल्या एकाची तरी मूळ फाइल वाचनालयाच्या कपाटात आहे का? तिथे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. एक कार्यवाह म्हणाले, ज्या मुलाने शूटिंग केलं त्याच्याकडे असेल बहुतेक.

बहुतेक! पन्नास रुपयांचं पुस्तक हरवलं तर आपण सभासदाच्या अनामत रकमेतून वसूल करतो. आणि गावाने दहा वर्षं ऐकलेली व्याख्यानं? ती आपण भाडेपावतीशिवाय कुणाच्या तरी खोलीत ठेवून आलो आहोत.

आता मला ठरलेलं उत्तर मिळेल, की एवढ्या मोठ्या कंपन्या कुठे बुडतात? अहो, बुडायची गरजच नसते. ऑर्कुट आठवतं ना? जानेवारी 2004 मध्ये सुरू झालं. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने इंटरनेटवरच्या पहिल्या गप्पा तिथे मारल्या. 30 सप्टेंबर 2014 रोजी गूगलने ते बंद केलं. तेव्हा गूगल बुडालं होतं? उलट भरभराटीत होतं. ऑर्कुट त्यांच्या हिशेबात बसेना, एवढंच. जिओसिटीज याहूने 1999 मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेतलं आणि दहा वर्षांनी, ऑक्टोबर 2009 मध्ये, लोकांनी हाताने उभारलेल्या लाखो पानांसकट मिटवलं. याहू ग्रुप्सचं तेच झालं. ऑक्टोबर 2019 मध्ये कळवलं की फोटो, फाइली, जुना पत्रव्यवहार सगळं काढून टाकणार. आधी डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुदत दिली, ओरड झाल्यावर ती जानेवारीअखेरपर्यंत वाढवली. वर्षभराने सेवाच बंद.

मायस्पेस तर बंदही झालं नव्हतं. सर्व्हर बदलताना 2016 च्या आधी चढवलेलं संगीत गेलं, कोट्यवधी गाणी गेली, आणि 2019 मध्ये त्यांनी दिलगिरीची चार वाक्यं लिहिली. ज्या गायकांनी घरची प्रत ठेवली नव्हती, त्यांचं काम संपलं. परदेशी कंपन्यांना दोष देऊन मोकळे होऊ पाहणाऱ्यांनी कू हे समाजमाध्यम आठवावं. आपल्या देशातलं, मराठीसह अनेक भारतीय भाषांचा अभिमान सांगणारं. पैसा मिळेना म्हणून जुलै 2024 मध्ये तेही थांबलं.

यातल्या कुणी बेकायदा काही केलं असं मी म्हणत नाही. सेवा कधीही बदलू, कधीही थांबवू, असं त्यांच्या अटींत लिहिलेलं असतं आणि आपण खाली 'मान्य' दाबलेलं असतं. माझा राग आहे तो 'मान्य' दाबणाऱ्या कार्यकारिणीवर.

एका तालुक्याच्या वाचनालयात मी जे पाहिलं ते सांगतो. पंधरा वर्षांचा कारभार एका फुकट ईमेल खात्यावर होता. खातं उघडताना कार्यवाहांनी स्वतःचा मोबाइल नंबर दिला होता. ते गेले. घरच्यांनी सिम बंद केलं. पुढे कंपनीने तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला. नव्या कार्यवाहांना पासवर्ड एका डायरीत सापडला, पण नव्या संगणकावरून शिरायचं तर ओटीपी हवा, आणि तो जात होता एका अनोळखी माणसाकडे. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत, कार्यवाहांचा मृत्यूचा दाखला, सगळं घेऊन ही माणसं बसली होती. पण दाखवायचं कुणाला? खिडकी नाही, साहेब नाही, आवक-जावक क्रमांक नाही. त्या खात्यात गावातल्या सात-आठ वृद्धांच्या मुलाखती होत्या. त्यातले बहुतेक आता हयात नाहीत.

असं अडकलेलं खातं निदान पडून राहील म्हणाल, तर तेही नाही. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर 2023 पासून पुसू लागलं आहे.

दुर्लक्ष झालं की सगळं पुसलं जातं, हाच मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उलगडली आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने खंडामागून खंड काढले, एकूण बावीस. त्या कागदांची कुणी निगा राखली होती? वाळवी होती, गळतं छप्पर होतं, घरच्यांना मोडी वाचता येत नव्हतं. तरी कागद राहिले, कारण दुर्लक्ष झालं तरी कागद दोनशे वर्षं तग धरतो. फुकटच्या खात्यातला मजकूर दुर्लक्ष सोसत नाही. नोटीस येते ती इंग्रजीत, तीही कुणी न उघडणाऱ्या ईमेलवर, आणि मुदत असते दोन-तीन महिन्यांची. ती चुकली की उद्याच्या राजवाड्यांना चढायला माळाच उरत नाही.

वेबपानांच्या प्रती जपणारं इंटरनेट अर्काइव्ह आहे ना, असं आपले तरुण मित्र म्हणतील. त्या संस्थेबद्दल मला अपार आदर आहे. पण कुलूपबंद ग्रुपच्या आतलं तिला दिसत नाही, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिच्यावर हल्ला झाला तेव्हा तीच कित्येक दिवस बंद होती. कायद्याचाही आधार नाही. 1954 च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांत जाते. यूट्यूबवरच्या तुमच्या व्याख्यानाची प्रत कुठेही जात नाही.

आता पैशांचं रडगाणं. मी ते ऐकून घेणार नाही. गेल्या वर्षभरात मी ज्या ज्या वर्धापनदिनाला गेलो तिथे फ्लेक्स होता, शाल-श्रीफळ होतं, पाहुण्यांना स्मृतिचिन्ह होतं. संस्थेच्या स्वतःच्या नावाचा डोमेन वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतो. दोन हार्ड डिस्क एका फ्लेक्स-मंडपाच्या खर्चात येतात. पैसा नाही हे खरं नव्हे. हे काम आपल्याला ग्रंथालयाचं काम वाटत नाही, हे खरं आहे.

म्हणून उपाय मी आपल्याच पद्धतीचा सांगतो. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर 'अ' वर्गापासून 'ड' वर्गापर्यंत प्रत्येक वाचनालयाला दाखल नोंदवही ठाऊक आहे. तपासणीला अधिकारी आले की ते पहिली तीच मागतात. व्याख्यानाचं चित्रण, मुलाखत, महोत्सवाचे फोटो या सगळ्यांना दाखल क्रमांक द्या. ज्याची मूळ फाइल वाचनालयात नाही त्याला क्रमांक मिळणार नाही, आणि मग आपल्याकडे काय आहे आणि काय नाही ते एका वर्षात लख्ख दिसेल. एक प्रत वाचनालयात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावच्या वाचनालयात. डिस्कही बिघडते, म्हणून चार-पाच वर्षांनी नवीवर उतरवा. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फाँटमधल्या स्मरणिकांच्या फाइली आज उघडल्या तर अक्षरांऐवजी कचरा दिसतो, हे तुम्ही अनुभवलं आहेच. यूट्यूबवर टाका, जरूर टाका, जगभरचा मराठी माणूस तिथे ऐकतो. पण ती दाखवायची प्रत. जपायची प्रत आपल्या कपाटात हवी.

हे कठीण नाही याचा पुरावा मराठीतच आहे. मायबोली हे संकेतस्थळ 1996 पासून मराठी माणसांनी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर चालवलं आहे. मधल्या काळात ऑर्कुट आलं आणि गेलंही.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून एक ठराव येईल. संलग्न वाचनालयांनी मार्चअखेरपर्यंत आपली सगळी ऑनलाइन खाती संस्थेच्या नावे करावीत, प्रत्येक खात्याला किमान दोन जबाबदार व्यक्ती नेमाव्यात, आजवर चढवलेलं सगळं उतरवून घ्यावं आणि त्याची दाखल नोंद संघाला कळवावी. जी वाचनालयं कळवणार नाहीत त्यांची नावं पुढच्या अधिवेशनात वाचून दाखवली जातील. ज्यांना हे जाचक वाटतं त्यांनी जेवणाच्या पंगतीत कुजबुजू नये. माइकवर यावं, नाव आणि गाव सांगून विरोध नोंदवावा. तो इतिवृत्तात जसाच्या तसा लिहिला जाईल, आणि ते इतिवृत्त छापून प्रत्येक वाचनालयात पाठवलं जाईल.