विषमता कोणाच्या उपयोगाची?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हास व्याख्यानाचे आमंत्रण दिले आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेले; सारी उमेद प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेचा आव आणण्याचे आम्हास कारण नाही. परंतु सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि त्या वाचनात समाजशास्त्रातील एक वाद आढळला. आपल्या संस्थेच्या शिक्षणनिधीपुढे आज जो प्रश्न उभा आहे त्याच्याशी हा वाद इतका निगडित आहे की, तो आपल्यापुढे मांडावा असे आम्हास वाटले.

प्रश्न जुनाच आहे. समाजात काही माणसे वर आणि काही खाली का असतात? ही उतरंड समाजाच्या गरजेतून निर्माण होते, की वर बसलेल्यांच्या सोयीतून?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर शरीराच्या दृष्टान्ताने दिले जाते. आपल्याकडे ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून चार वर्ण झाल्याचे वर्णन आहे. रोमच्या इतिहासातही असाच दृष्टान्त आहे. इ. स. पूर्व ४९४ च्या सुमारास तेथील सामान्य प्रजा कर्ज आणि जुलूम यांना कंटाळून शहर सोडून डोंगरावर जाऊन बसली. तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या सरदाराने तिला पोट व अवयव यांची गोष्ट सांगितली: अवयवांनी पोटाला अन्न देणे बंद केले, तेव्हा अवयवच गळून गेले. या गोष्टीने प्रजेची समजूत पटली असे म्हणतात. मात्र प्रजा परतली ती आपल्या रक्षणासाठी आपलेच अधिकारी नेमण्याचा हक्क पदरात पाडून घेतल्यावरच, हा उत्तरार्ध गोष्ट सांगणारे बहुधा विसरतात. पोटाचा उपदेश अवयवांनी ऐकला खरा, परंतु अटीही घातल्या!

आधुनिक काळात याच विचाराला शास्त्राचे रूप आले. त्याला प्रकार्यवाद असे म्हणतात. प्रकार्य म्हणजे संपूर्ण समाज टिकून राहावा म्हणून त्यातील एखादी संस्था जे काम करते ते. १९४५ साली किंग्स्ले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी एक छोटासा निबंध लिहिला. पाने थोडी, परंतु त्यावरील वाद कित्येक वर्षे चालला. त्यांचे म्हणणे आम्ही प्रामाणिकपणे मांडतो, कारण प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडल्याशिवाय त्याचे खंडन करणे हे शिक्षकास शोभत नाही.

ते म्हणतात की, प्रत्येक समाजात निरनिराळी कामे असतात. त्यांतील काही समाजाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची असतात, आणि काहींना दुर्मिळ बुद्धी किंवा दीर्घ शिक्षण लागते. वैद्यकाचेच उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे अभ्यास करावा लागतो, खर्च सोसावा लागतो. अशा कामाकडे योग्य माणसे वळावीत म्हणून समाजाने त्यांना अधिक द्रव्य, अधिक सुखसोयी आणि अधिक मान दिला पाहिजे. हे अधिक देणे म्हणजेच विषमता. तेव्हा विषमता कोणी कपटाने रचलेली नसून, योग्य माणूस योग्य जागी पोहोचावा म्हणून समाजाने नकळत केलेली ती योजना आहे.

श्रोतेहो, हे म्हणणे प्रथमदर्शनी पटण्याजोगे आहे. शाळेत पहिला नंबर येणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो ते याच भावनेने. श्रमास फळ नसेल तर श्रम कोण करील, ही शंकाही रास्त आहे. परंतु १९५३ साली मेल्विन ट्यूमिन या दुसऱ्या अमेरिकन विद्वानाने या उपपत्तीस काही साधे प्रश्न विचारले, आणि ते आम्हास फार मोलाचे वाटतात.

पहिला प्रश्न असा की, कोणते काम अधिक महत्त्वाचे हे ठरवावयाचे कोणी? कारखान्यात इंजिनिअर हवा, तसे साधे मजूरही हवेत. एकाशिवाय दुसऱ्याचे चालत नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क शहरातील कचरा उचलणाऱ्या कामगारांनी नऊ दिवस संप केला. रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग साचले आणि जगातील त्या धनाढ्य नगरीत आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली. त्याच महिन्यात मेम्फिस शहरातील सफाई कामगारही संपावर गेले; त्यांच्या पाठिंब्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग तेथे गेले असता ४ एप्रिल रोजी त्यांचा खून झाला. ज्या कामावाचून नऊ दिवसांत नगर हवालदिल होते, ते काम महत्त्वाचे नाही असे कोण म्हणेल? आणि तरी त्या कामाचे वेतन व मान किती, हे आपण जाणतोच. २०२० च्या साथीतही अत्यावश्यक सेवांच्या यादीत सफाई कामगाराचे काम होते. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, परंतु टाळ्यांनी चूल पेटत नाही.

आपल्या गावगाड्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. बारा बलुतेदारांच्या तीन ओळी असत आणि त्या मानाने खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. गावोगाव त्यांत फरक असे. परंतु मोल्सवर्थच्या प्रसिद्ध कोशातील यादी पाहिली तर सुतार, लोहार, महार, मांग हे थोरल्या ओळीत. कुंभार, चांभार, परीट, न्हावी हे मधल्या ओळीत. आणि भट, मुलाणा, गुरव, कोळी हे धाकट्या ओळीत येतात. म्हणजे शेतीला ज्याचा उपयोग अधिक त्याला वाटा मोठा, असा हिशेब गावाने स्वतःच केलेला होता. परंतु मानाचा हिशेब? तो अगदी उलट! थोरल्या ओळीतील दोघांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांची सावलीही नको म्हटले. समाज कामाच्या महत्त्वानुसार मान देतो, हा सिद्धान्त आपल्याच खळ्यावर असा कोसळतो. काम गावाचे होते, त्याची उपयुक्तता गावाला कळतही होती; तरी मान ठरला तो जन्मावरून.

ट्यूमिन यांचा दुसरा प्रश्न बुद्धीच्या दुर्मिळतेविषयी आहे. बुद्धिमान माणसे थोडी असे आपण म्हणतो. परंतु किती घरांतून ती शोधली? जेथे शिक्षणाचे दार काहींनाच उघडे असते, तेथे इतरांची बुद्धी कोणास दिसतच नाही, आणि मग ती नाहीच असा निष्कर्ष निघतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच दुखणे सांगितले होते: सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उघडली आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्या वसतिगृहांतून जी माणसे पुढे आली त्यांची बुद्धी काही वसतिगृहाने निर्माण केली नव्हती. ती आधीपासून होतीच. राहण्याजेवण्याची सोय नव्हती, एवढेच. आणि मुलींच्या बाबतीत तर आपण सर्वांनीच निम्मी बुद्धी शतकानुशतके चुलीपाशी बसवून ठेवली. मग दुर्मिळतेची तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची?

तिसरा प्रश्न शिक्षणाच्या कष्टांचा. दीर्घ शिक्षण हा त्याग आहे, म्हणून पुढे जन्मभर अधिक वेतन, असे म्हणतात. परंतु हा त्याग बहुधा आईबापांच्या पैशाने होतो, आणि ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांच्याच मुलांना तो करता येतो. शिवाय विद्यार्थिदशेला स्वतःचा असा मान आणि आनंद आहे. त्याच वयात विटा वाहणाऱ्या पोराचा त्याग कोणत्या खात्यात मांडावयाचा?

डेव्हिस यांनी या आक्षेपांस उत्तर दिले. आपली उपपत्ती जागांविषयी आहे, त्या जागांवर कोणती माणसे पोहोचतात याविषयी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. कुटुंबामुळे मुलांच्या वाट्यास कमीअधिक संधी येते, हे त्यांनी मान्य केले. परंतु आमच्या अल्पमतीप्रमाणे सारा प्रश्न तेथेच तर आहे. योग्य माणूस योग्य जागी पोहोचावा म्हणून विषमता हवी, आणि तीच विषमता पुढच्या पिढीतील योग्य माणसाची वाट अडविते. औषधानेच रोग वाढावा, असा हा प्रकार आहे. प्रकार्यवादाच्या आद्य आचार्यांपैकी एक, फ्रेंच पंडित एमिल दुर्खीम, यांनी १८९३ सालच्या ग्रंथात याचा इशारा देऊन ठेविला होता. श्रमविभागणीने समाज एकजीव होतो, हे त्यांचेच मत. परंतु ती सक्तीची असेल, माणसाच्या अंगच्या गुणांशी तिचा मेळ नसेल, तर एकजीवपणा न येता कलहच माजतो, असेही त्यांनी बजाविले. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या, परंतु देता न आलेल्या, १९३६ सालच्या भाषणात हा मुद्दा आपल्या समाजापुरता कायमचा स्पष्ट केला: जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची वाटणी नसून श्रमिकांचीच वाटणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली.

१९७२ साली हर्बर्ट गॅन्स या लेखकाने तर प्रकार्यवाद्यांच्याच मापाने दारिद्र्याचे उपयोग मोजून दाखविले. गरीब आहेत म्हणून घाणीची कामे स्वस्तात होतात; शिळापाका माल खपतो; वरच्यांना आपण वर आहोत असे समाधान मिळते. सारे खरे, परंतु हे उपयोग कोणाचे? अमुक गोष्ट समाजाला उपयोगी आहे असे कोणी म्हणाले, की समाज म्हणजे त्यातील कोण, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. कार्यकारी मंडळापुढे अशी सूचना आहे की, शिक्षणनिधीची सर्व रक्कम यापुढे नव्वद टक्क्यांहून अधिक गुण मिळविणाऱ्यांस पारितोषिक म्हणून द्यावी. सूचना करणाऱ्या बंधूंचा हेतू चांगला आहे. बक्षिसाने ईर्षा वाढेल, ज्ञातीचे नाव होईल, असे त्यांना वाटते. परंतु हे १९४५ च्या उपपत्तीचेच घरगुती रूप आहे. नव्वद टक्के मिळविणाऱ्या मुलाला बहुधा स्वतंत्र खोली, शिकवणी आणि शिकलेले आईबाप असतात. त्याला दिलेले पाकीट त्याच्या यशात काही भर घालीत नाही. जो मुलगा आठवीत असताना बापाच्या आजारपणामुळे दुकानावर बसतो, तो परीक्षेपर्यंत पोहोचतच नाही; मग त्याचे टक्के आपण कोठून मोजणार? मायकेल यंग यांनी १९५८ साली एक उपरोधिक पुस्तक लिहून दाखविले की, केवळ गुणवत्तेच्या मापाने चालणारा समाज अखेरीस नव्या उच्चनीचतेत अडकतो: वर गेलेले म्हणतात, हे आमच्या कर्तृत्वाचे, आणि खाली राहिलेल्यांना आपल्या दैवास बोल लावण्याचीही सोय उरत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. गुणवंतांचा सत्कार अवश्य करावा; नारळ, पुस्तक आणि सर्वांच्या टाळ्या पुरेत. परंतु निधीची रक्कम शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलामुलींच्या फी, पुस्तके आणि वसतिगृहासाठी, वर्षाच्या आरंभीच द्यावी. मदत घेणाऱ्याचे नाव स्मरणिकेत छापू नये. मदत करताना मान हिरावून घेतला तर मदत उणी होते. आणि या संमेलनात स्वयंपाक करणारे, भांडी घासणारे, मांडव घालणारे व झाडणारे यांची पंगत शेवटी न बसविता आपल्याच पंगतीत बसवावी. ते काम किती महत्त्वाचे आहे हे त्यांनी एक वेळ हात आखडता घेतला तर आपणा सर्वांस जेवणाच्या वेळेपूर्वीच कळेल.

आपल्या ज्ञातीच्या पूर्वजांनी एकेक रुपया वर्गणी गोळा करून ही संस्था उभी केली, ती आपल्यातील दुबळ्याचा हात धरण्यासाठी. एका ज्ञातीची संस्था स्वतःपुरतीच राहिली तर तीही उतरंडीतील एक मडके होऊन बसेल, याचेही भान आपण ठेवावे, आणि निधीस बळ येईल तसतसे त्याचे दार शेजारच्या गरजू मुलासही उघडावे. जगातील सारी विषमता आपल्या हातून नाहीशी होणार नाही. परंतु ती अटळ आहे, उपयोगी आहे, असे म्हणून तिच्यापुढे हात जोडून बसण्याचेही कारण नाही. निधीचा ठराव उद्या सकाळी मतास येणार आहे. मत देताना प्रत्येकाने आपल्या आळीतील एका तरी अर्धवट शाळा सोडलेल्या मुलाचे नाव मनात आणावे, एवढीच विनंती.