मागायचं किती, साठवायचं किती



 परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती मोडून मी आज एकाच विषयावर बोलणार आहे : डेटाबेसकडून आलेला रिझल्ट आपली स्क्रिप्ट मेमरीत कसा घेते.

पीएचपीत काम करणाऱ्या प्रत्येकाला १३४२१७७२८ हा आकडा पाठ आहे. स्क्रिप्टला मिळणाऱ्या मेमरीची १२८ एमबीची मूळ मर्यादा संपली की एररमध्ये तो दिसतो. मग मर्यादा २५६ होते, पुढे ५१२, आणि एके दिवशी कुणीतरी तिथे उणे एक लिहून मर्यादाच काढून टाकतं. हा उपाय नाही. एका रिक्वेस्टला ५१२ एमबी लागत असतील, तर अशा वीस रिक्वेस्ट एकदम आल्यावर १० जीबी लागतील. सर्व्हर सगळ्यांचा असतो.

थोडा हिशेब करू. समजा, एका ग्रंथालयाच्या सूचीत दोन लाख पुस्तकं आहेत आणि प्रत्येक नोंदीत मजकुराचे आठ कॉलम. ६४ बिटच्या पीएचपी ७ किंवा ८ मध्ये कॉलमच्या नावांनी भरलेला आठ घरांचा एक अ‍ॅरे ३७६ बाइट घेतो, आणि अगदी आखूड स्ट्रिंगलाही ३२ बाइट लागतात. म्हणजे एका रोला ६३२ बाइट, दोन लाखांना १२ कोटी ६४ लाख. मर्यादा आहे १३ कोटी ४२ लाखांची. आता पुस्तकाचं नाव ‘ज्ञानेश्वरी’ असू द्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. अकरा चिन्हांचे झाले ३३, आणि स्ट्रिंगचं हेडर धरून जागा लागते ६४. नाव आणि लेखक असे दोनच कॉलम या मापाचे निघाले तरी स्क्रिप्ट कोसळते. आपण मराठीत डेटा ठेवणारी माणसं आहोत. रोमन लिपीतल्या नमुना डेटावर केलेली चाचणी आपल्याला पुरणार नाही.

यावर अनेकजण सांगतात, ‘आम्ही सगळे रो एकदम आणणारं फेच-ऑल वापरतच नाही, लूपमध्ये एकेक रो घेतो.’ चांगलं आहे, पण अर्धंच. मायएसक्यूएलच्या बाबतीत पीडीओ आणि मायएसक्यूएलआय ही पीएचपीची दोन्ही एक्स्टेंशन्स मुळात बफर्ड क्वेरी चालवतात. तुमचा लूप पहिला रो मागतो तेव्हा दोन लाखही रो वेब सर्व्हरवर येऊन बसलेले असतात.  पीएचपी ५.४ पासून मायएसक्यूएलएनडी हा नेहमीचा ड्रायव्हर झाला आणि हा साठा मेमरी लिमिटमध्ये मोजला जाऊ लागला. त्याआधीच्या जुन्या लायब्ररीत तो मोजलाच जात नसे, त्यामुळे स्क्रिप्ट बिनबोभाट फुगत राही. आजची एरर मला त्या शांततेपेक्षा बरी वाटते.

बफरिंग बंद करता येतं. मग रो खरोखर एकेक येतात. पण सगळे रो वाचून होईपर्यंत किंवा रिझल्ट मोकळा करेपर्यंत त्या कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही, एकूण रो किती हे आधी कळत नाही, आणि टेबल मायआयसॅमचं असेल तर लिहिणारे ताटकळतात. सीएसव्ही फाइल बाहेर काढायची असेल, तर हाच मार्ग घ्या : रो आला, लिहिला, सोडला. प्रत्येक रोवर आणखी क्वेरी करायच्या असतील, तर प्रायमरी कीच्या क्रमाने हजार-हजारांचे तुकडे घ्या, शेवटची की लक्षात ठेवा आणि तिच्यापुढून पुढचा तुकडा मागा. ऑफसेटच्या वाटेला जाऊ नका. गाळलेले रोही डेटाबेसला दर वेळी ओलांडावे लागतात.

मात्र या सगळ्याच्या आधी क्वेरीकडे पाहा. पडद्यावर तीन कॉलम दाखवायचे असताना सिलेक्ट स्टार कशासाठी? फक्त संख्या हवी, तर ती डेटाबेसकडूनच मोजून घ्या. रिक्वेस्ट संपली की पीएचपी सगळं मोकळं करते, हे खरं. पण रात्रभर चालणाऱ्या क्यू वर्करला रिक्वेस्टचा शेवटच नसतो. तिथे रिझल्ट हाताने मोकळा करायलाच हवा.

नव्याने कामाला लागलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. उद्या ऑफिसात गेल्यावर आपल्या कोडमध्ये मेमरी लिमिट कुठे कुठे वाढवलंय ते शोधा. त्या प्रत्येक ओळीच्या आसपासची क्वेरी वाचा, खऱ्या मराठी डेटाच्या दोन लाख रोंवर चालवून पाहा, आणि ती सुधारल्यावर वाढवलेली मर्यादा काढून टाका.