पगारी माणसाची संध्याकाळ



नोकरदार आपला वेळ विकतो आणि त्याबद्दल वेतन घेतो. न विकलेल्या वेळेचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र त्याचा त्यालाच सोडवावा लागतो.

हा न विकलेला वेळही सहजासहजी मिळालेला नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या प्रयत्नांनी १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. परंतु कायदा तासांना मर्यादा घालू शकतो. कचेरीतून घरी येताना मनात राहिलेल्या फायलींना ती घालता येत नाही.

मग कामातील उत्साह कशाने टिकतो? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली आपल्या सहकाऱ्यांसह मांडलेला निष्कर्ष असा की, अपुरे वेतन व वाईट परिस्थिती यांमुळे असंतोष उपजतो. परंतु ती सुधारली म्हणून उत्साह उपजतोच असे नाही. तो सिद्धी, मान्यता आणि जबाबदारी यांतून येतो. मान्यता तर दुसऱ्याच्या हाती असते. ती नाकारली गेली म्हणजे ज्याचे सर्वस्व नोकरीत गुंतले आहे, त्याने कोठे जावे?

याचे उत्तर शोधताना चामराजपेटेकडे वळावेसे वाटते. १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे हे स्थान. परिषदेच्या १९२९ च्या बेळगाव संमेलनाचे अध्यक्ष मास्ती वेंकटेश अय्यंगार हे तेव्हा म्हैसूर संस्थानच्या सेवेतील अधिकारी होते. सरकारी कामाबरोबरच 'श्रीनिवास' या नावाने त्यांचे कथालेखन चालू होते. पुढे आपणांस डावलून कनिष्ठास बढती मिळाली, तेव्हा १९४३ साली त्यांनी सेवा सोडली. पद गेले, तरी त्यांचे जीवन रिते झाले नाही. १९४४ पासून दोन दशके त्यांनी 'जीवन' मासिक चालविले, आणि 'चिक्कवीर राजेंद्र' या कादंबरीसाठी त्यांना १९८३ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला.

प्रत्येकाने लेखक व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. याच पेठेतील फोर्ट हायस्कूलच्या पटांगणात श्रीरामसेवा मंडळीचा १९३९ साली सुरू झालेला रामनवमी संगीतोत्सव रुजला. तेथे सायंकाळी मांडी घालून ऐकणारा कारकूनही आपला विसावा सार्थकी लावतो. परंतु कचेरीतून परतून चुलीपुढे उभी राहणाऱ्या स्त्रीला ही सायंकाळ कितपत मिळते, हेही विचारले पाहिजे. घरकामाची वाटणी झाल्यावाचून एकाचा विसावा दुसऱ्याच्या श्रमावरच उभा राहील.

म्हणून कामात कसूर नसावी; पण मनाचा एक कोपरा असा राखावा, की जेथे वरिष्ठाचा शेरा पोहोचत नाही. निवृत्तीनंतर तो शोधू, असे म्हणणाऱ्यास तो पुष्कळदा सापडत नाही. त्याची मशागत नोकरी चालू असतानाच करावी लागते.